नोकरीच नसलेल्या माणसाला नोकरी गेल्याचा विमा विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मुख्य तक्रार निवारण अधिकारी,
गृहकर्ज विभाग, मुख्य कार्यालय

प्रत : शाखाधिकारी, कोल्हापूर शाखा, तसेच तुमच्यामार्फत ज्यांचा विमा माझ्या माथी मारला त्या विमा कंपनीचे तक्रार निवारण अधिकारी

विषय : गृहकर्जात परस्पर चढवलेला ८४,९६० रुपयांचा विमा हप्ता व्याजासह परत मिळणे व नुकसानभरपाई.

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी माझं शेवटचं बोलणं झालं. फोन ठेवतोय तोच मोबाईलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले असून ती बंद करण्यात आली आहे. समाधान कुणाचं झालं? माझं नाही. त्यामुळे आता तोंडी बोलणं बंद. जे काय ते लेखी.

तुमची विमा योजना मी तुम्हाला समजावून सांगत बसत नाही. ती तुम्हीच विकता, त्यावर कमिशन तुम्ही घेता, अटी तुमच्याकडे छापील आहेत. मी फक्त काय घडलं ते सांगतो.

कालच्या फोनवरच्या तुमच्या माणसाला मी सांगितलं, "साहेब, मी नोकरदार नाही. शिवाजी उद्यमनगरात माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, ते मशीनिंग करून आम्ही परत देतो. तुमच्या विमा प्रमाणपत्रात लिहिलंय की नोकरी गेली तर कर्जाचे तीन हप्ते विमा कंपनी भरणार. मला नोकरीच नाही, तर जाणार कुठली?"

ते म्हणाले, "सर, सिस्टीमला पॉलिसी ॲक्टिव्ह दाखवतेय."

मी म्हटलं, "ॲक्टिव्ह असू दे. उद्या माझं काम बंद पडलं तर मला हप्ते मिळणार का, एवढंच सांगा."

"त्यासाठी टर्मिनेशन लेटर लागेल सर, कंपनीच्या लेटरहेडवर. आणि मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप."

"अहो, कंपनी म्हणजे मीच आहे. मला काढणार कोण?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. कुणाशी तरी हळू आवाजात बोलणं झालं. मग म्हणाले, "मग सर, मालक तुम्हीच आहात तर तुम्हीच स्वतःला एक लेटर द्या ना." आणि हसले. एकटे नाही. शेजारी बसलेलं दुसरं कुणीतरी हसलं, ते मला स्वच्छ ऐकू आलं.

लेथच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला होता. माझ्याकडे कामाला असलेली दोन पोरं मशीन थांबवून ते ऐकत उभी होती. वय माझं ५२. वयाच्या सतराव्या वर्षापासून या धंद्यात आहे. माझ्या कामात कुणी चूक काढली तर मी खाली मान घालून दुरुस्त करून देतो, पण माझ्या शेडमध्ये, माझ्या पोरांसमोर, मी भरलेल्या पैशांबद्दल विचारलं म्हणून मला कुणी हसावं, हे मी सहन करणार नाही. आणि हेही लक्षात घ्या, की खोटं पत्र तयार करून दावा लावा असा सल्ला तुमच्या माणसाने दिलाय, आणि तोही जी लाईन तुम्ही रेकॉर्ड करता असं सुरुवातीलाच सांगता, त्या लाईनवर. ते रेकॉर्डिंग काढा आणि ऐका. "स्वतःला लेटर द्या" हेच शब्द आहेत.

आता हा विमा माझ्या गळ्यात कसा पडला ते.

डिसेंबर २०२४ मध्ये फुलेवाडीच्या घरासाठी मी तुमच्याकडे १८ लाखांचं कर्ज मागितलं. तीन वर्षांचे आयकर विवरणपत्र दिले, उद्यम नोंदणी दिली, शॉप ॲक्टचा दाखला दिला. तुमच्या मंजुरीपत्रात माझ्या नावासमोर 'स्वयंरोजगार' असं तुम्हीच छापलंय. सॅलरी स्लिप तेव्हा कुणी मागितली नाही, कारण ती नसते हे तुम्हाला माहीत होतं. तुमचा शाखेतला प्रतिनिधी वर्कशॉप बघायला आला, मशीनचे फोटो काढून गेला. जाताना म्हणाला, "काका, कर्जाबरोबर संरक्षण येतं. २०१९ सारखा महापूर आला, काम बंद पडलं, तर तीन हप्ते कंपनी भरते."

कोल्हापुरात बसून महापुराचं नाव घेतलं की माणूस ऐकणारच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा फाउंड्रीतून माल येणं थांबलं. मशीन शाबूत होती, पण काम नव्हतं आणि हप्ते मात्र चालू होते. ते दिवस मी काढलेत. म्हणून मी त्याला दोनदा विचारलं, खरंच महापुरात मिळतं का. तो म्हणाला, "हो काका, काम बंद पडलं की झालं." पैशांचं विचारलं तर म्हणाला वेगळे काही द्यायचे नाहीत, ते फाईलमध्येच असतं. नको म्हटलं तर? "मग फाईल वर जात नाही." माझ्याकडे जुनी आयुर्विमा पॉलिसी आहे, तीच कर्जाला लावा म्हटलं, तर ती चालत नाही म्हणाला. नंतर ओटीपी आला. कर्ज मंजुरीचा आहे, सांगा, असं तो म्हणाला. पडताळणीचा फोन येईल, सगळ्याला 'हो' म्हणा, नाहीतर चेक अडकतो, हेही त्यानेच सांगितलं. आता त्याच 'हो' चं रेकॉर्डिंग तुम्ही माझ्याविरुद्ध दाखवताय.

तुम्ही दिलेल्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'वर, म्हणजे कर्जाच्या अटी आणि सगळे खर्च एकत्र दाखवणाऱ्या पत्रकावर, कर्जाची रक्कम १८,००,००० आणि हप्ता १८,७९६ आहे. विम्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. पहिला हप्ता खात्यातून गेला तो १९,६८३. शाखेत विचारलं तर सांगितलं, व्याजदर थोडा वर-खाली होतो. पण पहिली तीन वर्षं दर साडेनऊ टक्के स्थिर आहे असं तुमच्याच करारात आहे! कर्जखात्याचा उतारा मागून घेतला तेव्हा कळलं की कर्ज १८ लाख नाही, १८,८४,९६० आहे. ७२,००० विमा हप्ता, १२,९६० जीएसटी. माझ्या हातात यातला एक रुपया आला नाही. तो तुमच्याकडून परस्पर विमा कंपनीकडे गेला आणि माझ्या कर्जात चढला. त्यावर मी १५ वर्षं व्याज भरायचं. महिन्याला ८८७ रुपये, १८० हप्ते. हिशेब करा, दीड लाखाच्या वर जातात. आणि विमा किती वर्षांचा? पाच. सहाव्या वर्षापासून विमा नाही, पण त्याचा हप्ता मी आणखी दहा वर्षं फेडत राहणार.

विम्याचं प्रमाणपत्र मला कधीच पाठवलं नव्हतं. उतारा मागितला तेव्हा त्याच्यासोबत ते पहिल्यांदा हातात आलं. पत्नी सहकर्जदार आहे, तिने ते ओळ न् ओळ वाचलं. चौथ्या पानावर, बारीक अक्षरात, नोकरी जाण्याच्या कलमाखाली अपवाद दिलेत, आणि त्यात पहिलाच अपवाद आहे स्वयंरोजगार असलेल्या व्यक्तींचा. महापुराचा तर कुठे उल्लेखच नाही. त्याच्या मागच्या पानावर आरोग्याची माहिती भरलीय आणि तिथे मधुमेहासमोर 'नाही' आहे. मी गेली सहा वर्षं साखरेची गोळी घेतो. मला हा प्रश्न कुणी विचारला नाही. तो 'नाही' माझा नाही, तुमच्या माणसाने भरलेला आहे. उद्या माझं बरंवाईट झालं आणि माझी बायको दाव्याला आली, की आजार लपवला म्हणून तिला परत पाठवायला हाच कागद पुढे येईल. म्हणजे जिवंतपणी मिळत नाही आणि मेल्यावरही मिळेल याची खात्री नाही. मग हे ८४,९६० रुपये नेमके कशाचे घेतले, ते मला लेखी सांगा.

तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ झालंय : फ्री लूकची, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करण्याची मुदत संपली. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांत ही मुदत ३० दिवसांची आहे, आणि ती पॉलिसीचा कागद ग्राहकाला मिळाल्यापासून मोजायची असते. तुम्ही ती तुमच्या मनाने कर्ज दिल्याच्या तारखेपासून मोजताय. कागद मला कोणत्या तारखेला पोचवला त्याचा पुरावा दाखवा. कुरिअरची पोचपावती दाखवा, ईमेल दाखवा. शाखेत मागितला, फोनवर मागितला, कुणी दाखवला नाही. नसेल तर मुदतीचा विषय काढू नका.

रिझर्व्ह बँकेचा १ ऑक्टोबर २०२४ पासूनचा नियम तुम्हाला माहीत असणार. विम्याचा जो खर्च कर्जदाराकडून वसूल करता तो की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये वेगळा दाखवायचा आणि कर्जाच्या एकूण खर्चाच्या वार्षिक टक्केवारीत (एपीआर) धरायचा. जो आकार त्यात नाही, तो ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि ते पत्रक ग्राहकाला कळणाऱ्या भाषेत द्यायचं असतं. माझ्या पत्रकावर विम्याच्या जागी रेघ आहे. ती रेघ मी वकिलाला दाखवलीय. कर्जासाठी तुमचाच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती करता येत नाही, हेही तुम्हाला मी सांगायची वेळ यावी, याचंच वाईट वाटतं.

माझी मुलगी बी.कॉम. करते. तिने मला दाखवलं की इंग्लंडमध्ये बँकांनी हाच धंदा वर्षानुवर्षं केला होता. पीपीआय म्हणतात तिकडे, म्हणजे कर्जाचे हप्ते भरण्याचा विमा. स्वयंरोजगारवाल्यांना नोकरीचं कवच, आजारी माणसांना आजाराचं कवच, एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला. अगदी माझ्या प्रमाणपत्रासारखं. तिथल्या बँकांना शेवटी ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम ग्राहकांना परत द्यावी लागली. दावे दाखल करायला २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख होती, तोवर लोक रांगा लावून दावे करत होते. तिकडच्या माणसाचे पैसे परत मिळतात आणि उद्यमनगरातल्या माणसाला हसता, हे चालणार नाही.

आमच्या ओळीतल्या आणखी दोन शेडवाल्यांनी तुमच्याकडूनच कर्ज घेतलंय. त्यांचे कागद मी परवा बघितले. दोघेही माझ्यासारखेच मालक-कामगार, आणि दोघांच्याही प्रमाणपत्रावर तेच नोकरीचं कलम. म्हणजे ही एखाद्या पोराची चूक नाही, तुमच्या शाखेत हे ठरवून चाललंय. तुमच्याकडे यायचं मी ठरवलं ते जाहिरात बघून नाही. माझ्या थोरल्या भावाचं कर्ज तुमच्याकडे होतं आणि त्याचं फेडून झाल्यावर तुम्ही घराचे मूळ कागद वेळेत परत दिले होते. तेवढ्या एका गोष्टीवर मी विश्वास टाकला. आता माझ्या ओळखीत कुणी कर्जाचं विचारलं तर मी त्याला आधी माझा उतारा दाखवतो.

मला हवंय ते एवढंच. ८४,९६० रुपये कर्ज दिल्याच्या तारखेपासून कर्जातून वजा करा, त्यावर आजवर लावलेलं व्याज काढा, हप्ता १८,७९६ करा आणि आतापर्यंत दरमहा जास्त घेतलेले ८८७ रुपये मला परत द्या. झालेल्या मनस्तापाबद्दल आणि कामाच्या खोळंब्याबद्दल २५,००० रुपये भरपाई द्या. पडताळणीच्या फोनचं आणि कालच्या फोनचं, दोन्ही रेकॉर्डिंगची प्रत द्या. मधुमेहासमोरचा 'नाही' कुणी भरला त्याची चौकशी करून मला नावासकट कळवा. आणि ज्यांनी मला स्वतःला लेटर द्यायला सांगितलं त्यांच्याकडून लेखी माफी पाहिजे. ती मला माझ्या पोरांना वाचून दाखवायची आहे.

हे पत्र पोचल्यापासून ३० दिवस वाट बघीन. त्यानंतर विमा कंपनीविरुद्ध पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज जाईल, तुमच्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे. पहिल्या अर्जाला फी नाही आणि वकीलही लागत नाही, दुसऱ्यालाही फी नाही. तिथे न्याय मिळाला नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, आणि शेजारचे दोघेही माझ्यासोबत असतील. मी रोज सुताच्या हिशेबात काम करणारा माणूस आहे. ८८७ रुपये लहान आहेत म्हणून मी सोडून देईन असं समजू नका. कोल्हापूरकराचा नाद करू नका, एवढंच.

मंजुरीपत्र, की फॅक्ट स्टेटमेंट, कर्जखात्याचा उतारा आणि प्रमाणपत्राचं चौथं पान यांच्या प्रती जोडल्यात. कर्ज खाते क्रमांक त्यावर आहे. उत्तर मराठीत, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने, रजिस्टर पोस्टाने पाठवा. वर्कशॉपवर फोन करू नका.

(सही)
कर्जदार व सहकर्जदार
कोल्हापूर