अपडेटमध्ये न विचारता बदललेल्या नेटवर्क कार्डाबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: आमच्या व्हर्च्युअल मशीनचे (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाचे) नेटवर्क कार्ड व मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) परस्पर बदलल्याबाबत.

महोदय,

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. भट्टीतला धातूचा रस ओतण्याआधी नमुना काढून स्पेक्ट्रोमीटरवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) स्पार्क मारतो, कार्बन, सिलिकॉन, मँगेनीज बघतो आणि मगच लॅडल (रस ओतायचं भांडं) पुढे जाते. त्या स्पेक्ट्रोमीटरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. जुना संगणक कधीही दगा देईल म्हणून आम्ही तुमच्या व्हर्च्युअल मशीन सॉफ्टवेअरचा व्यावसायिक परवाना घेतला आणि ती एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवली. स्पेक्ट्रोमीटर लॅनवर आहे, त्यामुळे ब्रिज्ड नेटवर्क (मशीन थेट लॅनवर दिसतं अशी जोडणी) आणि एएमडी पीसीनेट हे नेटवर्क कार्ड निवडलं होतं. पीसीनेटचा ड्रायव्हर एक्सपीत मुळातच असतो. सगळं सुरळीत चालू होतं.

तुमच्या ताज्या अपडेटनंतर मशीन सुरू केलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’समोर पिवळं प्रश्नचिन्ह. तपशिलात व्हेंडर आयडी ८०८६ आणि डिव्हाइस आयडी १०डी३, म्हणजे इंटेल ८२५७४एल. २००१ साली आलेल्या एक्सपीत या कार्डाचा ड्रायव्हर नाही, आणि नेटवर्कच नाही म्हटल्यावर तो उतरवून घ्यायचा कुठून? तुमच्या सेटिंगमध्ये मात्र आमच्या पीसीनेटच्या जागी ‘स्वयंचलित’ असं लिहिलेलं होतं. ते आमच्यापैकी कोणीही निवडलेलं नाही.

पीसीनेट परत निवडलं, तेव्हा नेटवर्क आलं. पण स्पेक्ट्रोमीटरचं सॉफ्टवेअर ‘परवाना अवैध’ म्हणून बंदच राहिलं, कारण त्याचा परवाना कार्डाच्या मॅक पत्त्याशी बांधलेला आहे. मॅक पत्त्याच्या सहा जोड्यांपैकी पहिल्या तीन जुन्याच होत्या, शेवटच्या तीन नव्या. तुमच्या अपडेटने कार्ड बदलताना पत्ताही नव्याने तयार केला होता. जुना पत्ता आमच्या बॅकअपमधल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये होता, म्हणून हाताने टाकून काम सुरू करता आलं. बॅकअप नसता तर परवाना पुन्हा मिळाला नसता, कारण त्या सॉफ्टवेअरची निर्माता कंपनी आता ती आवृत्ती सांभाळत नाही. तोवर भट्टीत रस तसाच धरून ठेवावा लागला. वीज जळत राहते, कार्बन उतरत जातो, आणि टेस्ट सर्टिफिकेटशिवाय गिऱ्हाईक माल घेत नाही.

तुमच्या मदत केंद्राने आधी एक्सपी सोडून द्या असं सांगितलं. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला हे आम्हालाही ठाऊक आहे. जुनी प्रणाली चालवायची म्हणूनच तर तुमचं उत्पादन विकत घेतलं, आणि तुमच्या जाहिरातीतही तेच म्हटलेलं आहे. मग नॅट (मूळ संगणकाच्या पत्त्याआडून होणारी जोडणी) लावून बघा म्हणाले. नॅटमध्ये मशीन बाहेर जाऊ शकतं, पण पोर्ट वेगळे उघडून दिल्याशिवाय ऑफिसच्या संगणकाला त्यातले रिपोर्ट ओढता येत नाहीत. आमची मांडणी काय आहे, हे समोरच्याने एकदाही विचारलं नाही. त्याचं वाईट वाटलं.

नवीन मशीन बनवताना तुम्ही कुठलंही कार्ड सुचवा, त्याला हरकत नाही. चालू मशीनचं हार्डवेअर मात्र आमचं आहे. आतल्या प्रणालीच्या दृष्टीने कार्ड बदलणं म्हणजे पेटी उघडून खरं कार्ड उपटण्यासारखंच आहे. तेव्हा कार्डाचं मॉडेल आणि मॅक पत्ता आमच्या स्पष्ट संमतीशिवाय कधीही बदलू नयेत, आणि अपडेटआधी काय बदलणार आहे ते पडद्यावर दिसावं. ही दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येणार की नाही, ते लेखी कळवावं. मदत केंद्राने या तक्रारीसाठी आकारलेलं शुल्कही परत करावं.

अपडेटआधीची आणि नंतरची कॉन्फिगरेशन फाइल सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाण्याशिवाय आम्हाला पर्याय उरणार नाही.

आपला,
व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर