रात्री चारदा उठणाऱ्यांसाठी

संपादक साहेब, नमस्कार.

रंकाळ्यावर सकाळी आमचा म्हाताऱ्यांचा ग्रुप असतोय, राजकारण, कुस्ती, तांबडा-पांढरा सगळं बोलून होतं पण लघवीचा विषय निघाला की सगळे तळ्याकडं बघायला लागतात. मी पण दोन वर्षं लपवलंच की, रात्री चारदा उठायचं, धार बारीक, झालं म्हणून चड्डी वर करावी तर परत थेंब. मग जानेवारीत सर्दी झाली, मेडिकलमधनं आपल्या मनानं गोळी आणून खाल्ली आणि लघवी तुंबलीच, मध्यरात्री पोराच्या गाडीवर मागं बसून दवाखाना गाठला, नळी घातली तवा जीव भांड्यात पडला. नंतर कळलं, सर्दीच्या काही गोळ्यांनी असं होतंय.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे वाढलेली प्रोस्टेट, मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली पुरुषांची ग्रंथी. ती वाढणं म्हणजे कॅन्सर नव्हे, साठीनंतर साधारण निम्म्या पुरुषांची वाढतेच. टॅमसुलोसिनच्या गोळीनं तिथले स्नायू सैल पडतात, काही दिवसांतच फरक जाणवतो, फक्त झटकन उठलं की चक्कर येते. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड ह्या गोळ्यांनी ग्रंथी आकसते पण सहा महिने दम धरायला लागतो, शिवाय पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा, निम्म्यावर येतो, म्हणून रिपोर्ट दाखवताना गोळी चालू आहे हे डॉक्टरला सांगाच. गोळ्यांनी भागलं नाही तर टीयूआरपी, म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन, नाहीतर लेझर, पोटावर चिरा नाही.

माझं गोळीवरच भागलंय. परवा एसटीनं पंढरपूरला जाऊन आलो, मधे एकदाच उतरलो.

— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर