कणीस जेवलं

लीड्स, इंग्लंड,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या दोन रविवारी फोन झाला तेव्हा मी सापाचा विषय टाळला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. बोलताना रडू आलं असतं आणि आई रात्रभर झोपली नसती. आता सांगण्यासारखं झालं आहे, म्हणून बसून लिहिते. आमचं सापाचं पिल्लू, कणीस, जेवायला लागलंय.

पहिल्यापासून सांगते. सोन्याला अकरावं लागलं तेव्हापासून त्याने साप हवा म्हणून धरलं होतं. वर्षभर वाचनालयातून पुस्तकं आणली, वहीत टिपणं काढली, तेव्हा कुठे तुमचे जावई तयार झाले. २१ सप्टेंबरला पिल्लू घरी आणलं. याला कॉर्न स्नेक म्हणतात. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलायना इकडचा. बिनविषारी. अण्णा, आपल्या धामणीच्याच कुळातला समजा. मक्याच्या कणग्यांमध्ये उंदरांमागे सापडायचा म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. कोणी म्हणतं, पोटावरचे काळे-पांढरे चौकोन मक्याच्या रंगीत कणसासारखे दिसतात म्हणून. आमच्या घरात मराठी नाव हवं असं मी म्हटल्यावर सोन्याने लगेच ‘कणीस’ ठेवलं.

अण्णा, तुम्ही विचारलं होतं की हा गुन्हा नाही का. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने धामणसुद्धा घरात ठेवता येत नाही, ते बरोबरच आहे. हे पिल्लू रानातून धरलेलं नाही. इथे लोक हे साप पिढ्यान्‌पिढ्या घरात वाढवतात आणि तशाच एका माणसाकडे हे अंड्यातून निघालं. त्याच्याकडे ते तीनदा जेवलंही होतं. आमच्याकडे आल्यावर मात्र त्याने तोंड उघडलं नाही.

आणलं तेव्हा वजन होतं सात ग्रॅम. तोळाभरसुद्धा नाही! जाडीला चपलेच्या बंदाएवढं. एवढ्याशा जिवाच्या अंगात किती दिवसांची शिदोरी असणार, हाच विचार मला दिवसरात्र छळत होता.

आई, याचं खाणं तुला सांगायला जड जातंय, पण लपवत नाही. नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं उंदराचं पिल्लू, दीड-दोन ग्रॅमचं. त्याला इथे पिंकी म्हणतात. ती मेलेली, गोठवलेलीच विकत मिळतात. जिवंत उंदीर इथे कोणी देत नाही आणि मलाही ते जमलं नसतं. तुझ्या गळ्यातली माळ माझ्या ध्यानात आहे. पिंकींचा डबा स्वयंपाकघरात येत नाही. मागच्या पडवीत एक जुना छोटा फ्रीझर आहे, त्यात तो एकटाच असतो. चिमटा, वाटी वेगळी, आणि सापाला हात लावला की साबणाने हात धुतल्याशिवाय सोन्या घरात कशालाही शिवत नाही.

पहिली चूक माझीच. आल्याच्या तिसऱ्या दिवशीच मी पिंकी पुढे केली. नव्या जागी पिल्लाला निदान पाच-सात दिवस निवांत सोडावं लागतं, पण मला वाटलं, प्रवासाने दमलंय, भुकेलं असेल. ते मागे सरलं, शेपटीचं टोक थरथरवलं आणि भुशात शिरलं. आठवड्याने पुन्हा तेच. ७ ऑक्टोबरला तिसऱ्यांदा. तोवर मी दिवसातून चारदा झाकण उघडून बघत होते. जेवत नाही म्हणून बघायचं, आणि बघितलं की ते आणखी घाबरायचं.

दुसरी गोष्ट उबेची, आणि ही मला सर्वांत जास्त लागली. सापाला स्वतःची ऊब नसते. बाहेरून मिळेल तेवढीच. ऊब नसली तर भूक लागत नाही आणि खाल्लेलं पचत नाही. पेटीच्या एका बाजूला अठ्ठावीस ते तीस अंश आणि दुसऱ्या बाजूला चोवीसच्या आसपास लागतं, म्हणजे हवं तेव्हा त्याला इकडून तिकडे जाता येतं. आमच्याकडे काचेखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई आहे आणि तिला ऊब मोजून आवरणारा थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट रोज तीस दाखवत होता, मी निर्धास्त होते. एका रात्री सोन्यालाच सुचलं. त्याने साधा थर्मामीटर आत, भुशावर, जिथे पिल्लू पडून असायचं तिथे ठेवला. बावीस! थर्मोस्टॅट मॅटची ऊब मोजत होता आणि वर आम्ही मायेने घातलेला भुशाचा जाड थर ती ऊब अडवत होता. तीन आठवडे ते पिल्लू गारठ्यात बसलं होतं आणि मी त्याला जेव जेव म्हणत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्याच दिवशी बाड हलवलं. तीन फुटांची काचेची पेटी एवढ्या पिल्लाला उघड्या माळासारखी वाटते. चपलांच्या खोक्याएवढा प्लास्टिकचा डबा घेतला, भोकं पाडली, तळाला भुसा पातळच ठेवला. उबेच्या बाजूला एक आणि गार बाजूला एक, अशा लपायला दोन जागा, पाण्याची वाटी, थोडं ओलं शेवाळ. थर्मामीटर आतच. एकोणतीस झालं.

तेवढ्यात डोळे दुधी झाले. आधी मी घाबरले, मग तुमचं बोलणं आठवलं, अण्णा, की कात टाकायला आलेल्या सापाला डिवचू नये. सापाला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबरच निघतो. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही आणि बहुतेक साप जेवतही नाहीत. आम्ही हात लावला नाही. १८ तारखेला सकाळी शेवाळाजवळ अखंड कात पडली होती, डोळ्यांच्या टिकल्यांसकट. सोन्या नाचायचाच बाकी राहिला.

तरीही २१ला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंड उघडून आतून पाहिलं, पाठीचा कणा बोटाने चाचपला. वजन सहा पूर्णांक चार. तोंडात जखम नाही, कणा वर आलेला नाही, अजून धोका नाही, म्हणाले. मी विचारलं, बळेच भरवू का? त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं. तो अगदी शेवटचा उपाय, तोही जाणत्या हाताने. एवढ्या नाजूक पिल्लाचं तोंड उघडताना इजा होते आणि धसका बसतो तो वेगळाच. त्यांचा सल्ला एवढाच होता की आता सगळं ठीक लावलंय, तर त्याला एकटं सोडा.

एक उपाय त्यांनी सांगितला. रानात ही पिल्लं आधी सहसा उंदीर खात नाहीत, छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. म्हणून काहींना उंदराचा वास अन्नाचा वाटतच नाही. पिंकीला तसा वास लागावा म्हणून पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या मुलीने पालीची टाकलेली कात दिली. २८ तारखेला, आपल्या वसुबारसेच्या रात्री, पिंकी आधी सावकाश वितळवली, मग कोमट पाण्यात अंगाइतकी ऊबदार केली (मायक्रोवेव्ह कधीच नाही), पुसली, आणि ती कात तिच्यावर चोळली. एका लहान डबीत कणीस आणि पिंकी, वर भोकांचं झाकण, आणि ती डबी उबेच्या बाजूला ठेवून अंधार केला. बघायचं नाही असं ठरवलं होतं. आई, ती रात्र मी तुळशीपुढे बसून काढली असती, पण इथल्या थंडीत माझी तुळस जगली नाही.

सकाळी डबीत एकटं कणीस, मध्यभागी फुगवटा.

पुढचं लिहायला नको वाटतं, पण लिहिते. जेवल्यावर दोन दिवस सापाला उचलायचं नसतं. सोन्याला ते माहीत होतं. पण मित्र आला, आणि आनंदाच्या भरात त्याने पिल्लू हातावर घेतलं. ३० तारखेला सगळं उलटून पडलं. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. मी त्याला रागावले नाही, अण्णा. मीही चारदा झाकण उघडलंच होतं की. उलटी झाल्यावर पोटातले पाचक रस भरून यायला वेळ लागतो. दहा-बारा दिवस काही द्यायचं नाही, मग नेहमीपेक्षा लहान घास. आमची दिवाळी तशीच गेली. कंदील लावला, फराळ केला, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

११ नोव्हेंबरला अर्धीच पिंकी दिली. ती पोटात राहिली. १७ला पुन्हा अर्धी. काल आख्खी, आणि तीही कातीचा वास न लावता, चिमट्यातून ओढून घेतली! काल देण्याआधीचं वजन साडेसहा. पुढचा घास शनिवारी.

आई, तू फोनवर दूध ठेवायला सांगितलंस. तुझा भाव मला कळतो. पंचमीला पाटावर तू काढलेला चंदनाचा नाग आणि दूध-लाह्यांचा नैवेद्य मी विसरले नाही. पण दूध सापाचं अन्न नाही, त्याला ते पचत नाही. गारुडी तहानेने व्याकूळ केलेल्या नागापुढे वाटी धरायचे, म्हणून तो प्यायचा. मी रोज ताजं पाणी ठेवते.

आणि सोडून द्या असं दादा म्हणाला, तेही जमणारं नाही. इथल्या हिवाळ्यात ते मरेल, आणि हा देश त्याचा नाहीही. नीट जगलं तर पंधरा-वीस वर्षं आमच्याकडे राहील. सोन्या कॉलेजात गेला तरी ते माझ्याकडे असेल, हे मी मनाशी पक्कं केलंय.

अण्णा, उसाच्या तोडीला फडातून धामण निघाली होती. गड्याने कोयता उगारला आणि तुम्ही तुमचा हात मध्ये घातलात. मी तेव्हा आठ वर्षांची, बांधावर होते. ही गोष्ट मी सोन्याला सांगितली. त्याने ती वहीत कणसाच्या वजनाच्या पानावर लिहून ठेवली आहे.

या कागदाच्या मागे त्याने कातीची लांबी पेन्सिलीने आखलीय, नाकापासून शेपटीपर्यंत. तेहतीस सेंटिमीटर भरते. कात ताणलेली असते म्हणून साप त्याहून थोडा आखूड. आजोबांनी त्यावर आपली वीत ठेवून किती होते ते कळवावं, असा त्याचा निरोप आहे.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे,

तुमची
ताई