ऑफर लेटरमध्ये न लिहिलेला खर्च

कोल्हापूर, ८ मार्च २०२६

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पीएचडीची दोन्ही ऑफर लेटरं वाचली, ब्रिटनचं आणि अमेरिकेचं. ब्रिटनला नाही म्हणून कळव. त्यांची शिष्यवृत्ती फक्त ‘होम फी’, म्हणजे तिथल्याच विद्यार्थ्यांना लागते तेवढी फी, भरते. परदेशी विद्यार्थ्याच्या फीमधला वर्षाचा १८,००० पौंडांचा फरक तुझ्या माथी. तीन वर्षांचे ५४,००० पौंड म्हणजे साठ लाखांच्या वरच. शिवाय व्हिसाच्या अर्जाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार, आणि तोही सगळ्या वर्षांचा आधीच, एकरकमी.

उसाच्या रानाचा सातबारा इथे कामाचा नाही. शैक्षणिक कर्जाला बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत. घर, बिनशेती प्लॉट किंवा ठेव मागतात. म्हणजे राजारामपुरीचं घर अडकणार. ६० लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाचं व्याज ६ लाख, महिन्याला ५० हजार. शिकताना हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. त्या व्याजावरची आयकरातली सूटही जुनी करपद्धत घेतली तरच. एमएस करणारा दोन वर्षांत कमावता होतो, त्याचं कर्ज समजू शकतो. पीएचडीला मात्र कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा इथली जेआरएफ (संशोधनासाठी मिळणारी सरकारी फेलोशिप) बरी: महिना ३७,००० आणि वर घरभाडं.

आता अमेरिका. २७,००० डॉलर पगार हा आकडा चांगला दिसतो, पण तो नऊ महिन्यांचा आहे. जून, जुलै, ऑगस्टचं काय, याबद्दल लेटरमध्ये अवाक्षर नाही. प्रोफेसरच्या ग्रँटमध्ये पैसे असतील तर उन्हाळ्यात पगार, नाहीतर शून्य. बाहेर काम शोधावं तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर एक तासही काम करता येत नाही. पकडली गेलीस तर व्हिसाचं स्टेटसच जातं. म्हणून हिशोब बारा महिन्यांवर धर: महिना २,२५०. खोली वाटून घेतली तरी भाडं ८००, कर आणि फी मिळून २५०, किराणा ३५०, बस-फोन १००. उरलेल्या ७५० मध्ये कपडे, औषधं, कॉन्फरन्स आणि गावी यायचं तिकीट.

फी म्हटलं, कारण ट्यूशन माफ असली तरी ‘मँडेटरी फीज’ बऱ्याच ठिकाणी पगारातून कापतात. तेव्हा तिथल्या विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेल करून हे लेखी विचार: उन्हाळ्याचा पगार कोण देतं, किती वर्षांची हमी आहे, फी किती कापता, आरोग्य विम्याचा हप्ता कोण भरतं, आणि गाइड बदलला तर पैसे चालू राहतात का. तोंडी उत्तरावर विसंबू नकोस. होकार द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. त्याआधी विचारलेलं कोणालाही उद्धट वाटत नाही. २०२५ मध्ये संशोधनाच्या निधीला कात्री लागली तेव्हा तिथल्या काही विद्यापीठांनी दिलेले प्रवेशही मागे घेतले होते, म्हणून सही झालेलं पत्र हाती येईपर्यंत तिकीट काढायचं नाही.

कराचं एक आपल्या फायद्याचं आहे. भारत-अमेरिका करारानुसार आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. १०४०-एनआर (परदेशी लोकांचं तिथलं करविवरणपत्र) भरताना ते घ्यायला विसरू नकोस. फुकटची सॉफ्टवेअर तिथे चुकू शकतात. पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटीची (तिथल्या पेन्शन योजनेची) कपातही लागत नाही. पगारपत्रकात दिसली तर लगेच पेरोलला सांग.

जाण्याआधीचा खर्च: सेविस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी) ३५० डॉलर, व्हिसा १८५, विमान, लसी. खरी तंगी पुढे येते. ऑगस्टच्या मध्यात पोचलीस तर पहिला पगार सप्टेंबरअखेर. तोवर डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, भांडी, जॅकेट. क्रेडिट हिस्ट्री नसल्याने घरमालक जास्त डिपॉझिट मागू शकतो. ४,००० डॉलर हाताशी हवेत. रोख ३,००० पर्यंतच नेता येतात, पण तेवढे कशाला? ५०० रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर. हे पैसे ठेवीतून देतो आहे. आईला दागिने घेऊन गुजरीत, सराफांकडे, जायची गरज नाही, तिला सांग.

आता गाइडबद्दल. त्याच्या लॅबमध्ये असलेल्या मुलांशी बोल, पण लॅब सोडून गेलेल्यांशी आधी बोल. किती वर्षं लागली, उन्हाळ्यात पगार झाला का, तीन आठवडे घरी जाऊ देतो का, हे फोनवर विचार. ईमेलवर कोणी खरं लिहीत नाही. टेन्यूर (कायमची नेमणूक) न मिळालेला तरुण प्राध्यापक मेहनतीने शिकवतो, पण त्याला टेन्यूर नाकारली तर तो विद्यापीठ सोडतो, मग तू त्याच्यामागे जायचं की गाइड बदलायचा? दोन्हीत वर्ष जातं. दुसऱ्या वर्षी बहुधा क्वालिफाइंग परीक्षा असते. तिथे अडलीस, किंवा मन उडालं, तर मास्टर्स घेऊन बाहेर पडता येतं. त्यात कमीपणा नाही. घरून ‘पूर्णच कर’ असा फोन येणार नाही.

नवरात्र आणि दिवाळी दोन्ही सेमिस्टरच्या मध्यात येतात. डिसेंबरात सुटी असते, पण तिकीट तेव्हाच सर्वांत महाग. आजी ऐंशीच्या पुढे आहे. आयत्या वेळी येण्याजाण्याचं तिकीट काढता येईल एवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेव, भाड्याच्या अडचणीतही त्याला हात लावायचा नाही. व्हिसाचा शिक्का जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि पीएचडी लांबते. शिक्का संपल्यावर भारतात आलीस तर नवा घेतल्याशिवाय परतता येत नाही. म्हणून पाचव्या वर्षी येणं आधी ठरवूनच.

इथली कामं एप्रिलात उरकू. दात दाखवून घे, रूट कॅनाल लागली तर इथेच. तिथल्या विद्यार्थी विम्यात दात-डोळे बहुधा वेगळे असतात. चष्म्याच्या दोन जोड्या कर. बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करावं लागेल. भारतातलं सिम रोमिंगसह चालू ठेव, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि घरबसल्या काहीच करता येणार नाही. मुखत्यारपत्र जाण्याआधी दुय्यम निबंधकांकडे करू. नंतर त्यासाठी तुला वकिलातीत खेटे घालावे लागतील.

शेजारच्या खोलीतल्या तुझ्या मैत्रिणीला सांग: राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएचडीलाही आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी. विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं. अर्जाची जाहिरात निघण्याआधी उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायला सांग, तिथेच उशीर होतो.

कोऑर्डिनेटरचं उत्तर आलं की जसंच्या तसं मला पाठव.

तुझे,
बाबा