घशाचं दुखणं कुणी मोजत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिरड्यांच्या रोगामुळे हृदयविकार होतो, असा लेख आपल्या पुरवणीत आला आणि आमच्या स्टाफरूममध्ये तीन दिवस दुसरा विषय नव्हता. आमच्या गणिताच्या सरांनी तर मेडिकलच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून सुरूही केल्या. म्हणे जंतू मेले की ब्लॉकेज जाईल!

जंतूंमुळे हृदयविकार होत असावा, हा संशय जुनाच आहे. 1988 मध्ये फिनलंडच्या संशोधकांना हृदयरोग्यांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे जास्त आढळली. मग अँटिबायोटिक देऊन पाहिलं गेलं. 2005 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, प्रत्येकीत चार हजारांवर रुग्ण. एकीत अ‍ॅझिथ्रोमायसिन दर आठवड्याला, वर्षभर दिलं होतं. हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत.

हिरड्या खराब असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो, हे खरं. पण आपल्या नागपुरात यातलं काय कशामुळे झालं, हे कसं वेगळं काढायचं? दिवसाला तंबाखू-सुपारीचे चार खर्रे घोटून खाणाऱ्याच्या हिरड्याही जातात आणि रक्तवाहिन्याही. हिरड्यांवर इलाज जरूर करावा, पण तो दात टिकावेत म्हणून.

मला खटकलं ते वेगळंच. घशाच्या ज्या संसर्गाचा हृदयाशी संबंध पक्का ठाऊक आहे, त्याला त्या लेखात एक ओळही मिळाली नाही.

माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची असताना तिचा घसा सुजला. मिठाच्या गुळण्या केल्या, बरं वाटलं. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरतो न उतरतो तोच घोटा, मग मनगट. अंगात ताप. एप्रिलचे दिवस, लू लागली असेल म्हणून आईने कैरीचं पन्हं पाजलं आणि सांध्यांना तेल चोळलं. पंधरा दिवसांत पोरगी उड्या मारायला लागली, विषय संपला. पुढे पहिल्या बाळंतपणात तिला पाठीवर झोपवेना, धाप लागायची, तेव्हा कळलं की हृदयाची झडप आकसली आहे. फुग्याने ती उघडावी लागली. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, डॉक्टरांच्या मते चाळिशीपर्यंत तरी. ते इतकं दुखतं की त्या रात्री तिला एकाच कुशीवर झोपावं लागतं. आमच्या भागातल्या दुकानांत ते दर वेळी मिळतंच असंही नाही.

हा संधिवाताचा ताप. यात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू घशातच राहतो. त्याच्याशी लढायला शरीराने उभी केलेली फौज चुकून हृदयावर चाल करते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना याचा धोका जास्त. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं, तरी पुढचा संधिवाताचा ताप बहुधा टळतो. प्रत्येक घसादुखीला ते लागत नाही, बहुतेक वेळा विषाणूच असतो. पण ते डॉक्टरांनी घसा पाहून ठरवायचं, आईने गुळण्यांवर नव्हे. घसादुखीनंतर सांधे एकापाठोपाठ एक सुजू लागले, तर मूल लगेच दाखवायलाच हवं.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. त्या आठवड्यात आपण पहिल्या पानावर यावर एक चौकट छापावी, एवढी विनंती. सरांना गोळ्या बंद करायला सांगितलं, तर म्हणतात, पाकीट संपवूनच टाकतो आता.

आपली,
एक शिक्षिका, सक्करदरा, नागपूर