मधल्या चार वर्षांसाठी आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

पत्रात नाव नको, ही तुमची अट मी पाळते आहे. पत्र मात्र सर्वांसमोर लिहिते, कारण स्वतःचे काम करून मुले वाढवणारे माझ्यासारखे अनेक जण मला विचारतात की निवृत्तीसाठी तू काय करतेस, आणि दरवेळी माझ्या उत्तराची सुरुवात तुमच्यापासूनच होते.

सात वर्षांपूर्वी मी शिवणकामाची बिले एका पिशवीत कोंबून कराच्या हिशोबासाठी तुमच्याकडे आले होते. तेव्हा माझे वय ३९ होते, मुलगी ९ वर्षांची होती आणि वर्षाचा धाकटा मांडीवर झोपला होता. हिशोब संपल्यावर तुम्ही सहज विचारलेत, "मशीनवर बसणे कधी थांबवणार?" मी म्हणाले, "हात चालतात तोवर कशाला थांबायचे?" त्यावर तुम्ही एवढेच म्हणालात, "आणि डोळे?" त्याच सकाळी सुईत दोरा ओवायला मी मुलीला हाक मारली होती. तुम्हाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण प्रश्न नेमका तिथेच लागला.

मग तुम्ही माझ्याच वहीचे एक पान काढून त्यावर तीन रकाने आखलेत: माझे वय, मुलीचे वय, मुलाचे वय. ३९, ९, १ येथून सुरुवात करून साठीपर्यंत एकेक ओळ मला लिहायला लावलीत. मी ४८ ची होईन तेव्हा मुलगी १८ ची, ५२ ची होईन तेव्हा ती २२ ची. मी ५६ ची होईन तेव्हा मुलगा १८ चा आणि माझ्या साठीला तो २२ चा. ज्या वर्षांत उतारवयासाठी सर्वांत जास्त बाजूला पडायला हवे, त्याच वर्षांत दोन्ही मुलांची उच्च शिक्षणे पाठोपाठ येत होती. मोकळी होती ती मधली चार वर्षे, ५२ ते ५६. तुम्ही त्यांच्याभोवती पेन्सिलीने चौकट काढलीत आणि म्हणालात की या चौकटीच्या भरवशावर आज काही न करणे हीच सर्वांत महाग चूक ठरेल. ते पान मी अजून जपून ठेवले आहे. त्याच्या कोपऱ्यावर धाकट्याच्या दुधाचा डागही आहे.

पगारदार माणसाच्या हाती पैसा येण्याआधीच निवृत्तीची रक्कम कापली जाते आणि पुष्कळदा मालकही त्यात आपली भर घालतो. माझ्याकडे कापणारी मीच आणि भर घालणारीही मीच, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्यावरचा तुमचा उपाय इतका साधा होता की प्रथम मला तो पोरकट वाटला: धंद्याचे खाते वेगळे, कराचे वेगळे आणि घराचे वेगळे ठेवायचे; घराला धंद्यातून दरमहा ठरावीक पगार द्यायचा; आणि आलेल्या प्रत्येक बिलातून आधी कर, मग उरलेल्याचे १५ टक्के निवृत्तीसाठी, त्याच दिवशी काढायचे. ठरावीक रकमेऐवजी टक्का कशासाठी, हे मला पहिल्याच मंद हंगामात उमगले. रक्कम ठरवली असती तर त्या महिन्यात ती जमली नसती आणि एकदा मोडलेला नेम मी पुन्हा धरला असता, अशी खात्री नाही. टक्का मात्र कामाबरोबर लहान झाला, पण सुटला नाही.

अर्थात पहिले दीड वर्ष यातले काहीच गुंतवणुकीत गेले नाही, कारण सहा महिन्यांचा घरखर्च आधी हाताशी असायला हवा, असा तुमचा आग्रह होता. मी कुरकुर केली होती. पुढे मनगटाच्या दुखण्याने दोन महिने काम बंद राहिले, तेव्हा मोडायला ती गंगाजळी होती आणि गुंतवणुकीला हात लावावा लागला नाही.

गुंतवणुकीबद्दल तुम्ही दिलेला एक आकडा मी आजही इतरांना सांगते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर आज १०० लागतात तिथे २१ वर्षांनी ३४० लागतील. म्हणजे ६ टक्क्यांनी वाढणारा पैसा इतकी वर्षे थांबूनही जागच्या जागीच राहतो. तोच ७ टक्क्यांनी वाढला तर ४१४ होतो. वरवर किरकोळ दिसणारा तो एक टक्का गुंतवणूक सांभाळण्याच्या खर्चापोटी दुसऱ्याला देऊन टाकू नका, असे सांगून तुम्ही मला कमी खर्चाच्या इंडेक्स फंडाकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडाकडे, वळवलेत. विमा आणि बचत एकत्र बांधलेली एक योजना मी त्याआधी एका परिचितांच्या भिडेखातर घेतली होती. तिचे कागद वाचून तुम्ही कोणालाही दोष दिला नाहीत. मुले लहान आहेत तोवर विमा हवाच, पण तो निव्वळ विमा असावा, एवढेच सांगितलेत.

धंदाच माझी निवृत्ती, हा माझा समजही तुम्हीच मोडलात. "ही मशीने आज विकली तर किती येतील?" असे विचारलेत आणि मी चौकशी केली. ओव्हरलॉक मशीनला खरेदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही किंमत कोणी सांगेना. गिऱ्हाईक माझ्या हातासाठी येते आणि हात काही विकता येत नाही.

एकदा मात्र मी तुमचे ऐकले नाही. मुलीच्या शिकवणीसाठी निवृत्तीच्या पैशांतून मी रक्कम काढली आणि वर्षअखेरीस खाली मान घालून तुम्हाला सांगितले. तुमचे म्हणणे होते की शिक्षणासाठी कर्ज मिळू शकते, उतारवयाच्या घरखर्चासाठी कोण देणार? हिशोब म्हणून ते मला पटते. आई म्हणून आजही पूर्ण पटत नाही आणि हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही रागावला नाहीत. वहीत "स्वतःकडून उसने" असे लिहायला लावलेत आणि फेडीची तारीखही माझ्याच अक्षरात घालायला लावलीत. ते उसने चौदा महिन्यांत फिटले.

किती साठवायचे, हा प्रश्न तुम्ही शेवटी घेतलात, हेही बरेच झाले. आधी घेतला असता तर मी घाबरून उठून गेले असते. विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील जुन्या आकड्यांवरून मांडलेला हिशोब तुम्ही समजावलात: पहिल्या वर्षी जमेच्या ४ टक्के काढावेत आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यावी, म्हणजे पैसा सुमारे ३० वर्षे पुरावा. उलट बाजूने पाहिले तर वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमा हवी. एका देशाच्या इतिहासावरचा हा अंदाज आहे, वचन नव्हे, हेही तुम्ही बजावलेत. साठीच्या तोंडावर बाजार कोसळला तर सावरायला वर्षे उरत नाहीत, म्हणून पंचावन्नपासून शेअरचा वाटा हळूहळू उतरवायचा, हे आपले ठरलेले आहे.

आज मी ४६ ची आहे. २५ पट अजून दूर आहे. गेल्या महिन्यात मोजले तेव्हा जमा चार पटींच्या थोडी पुढे होती. त्या पहिल्या दिवशी तुम्ही कराच्या कामाचेच पैसे घेतलेत आणि नंतरच्या दीड तासाचे बिल कधीच लावले नाहीत. आता मुलगी सोळा वर्षांची आहे आणि सुट्टीत काज-बटणांची कामे घेऊन स्वतःचे चार पैसे मिळवते. येत्या वर्षाच्या हिशोबाला तिला तिची वही घेऊन सोबत आणीन. त्या वेळेचे बिल मात्र तुम्ही लावावे, ही विनंती.

तुमची कृतज्ञ,
शिवणकाम करणारी एक आई