‘ओके सर’ म्हणून गेलेला पोरगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली इंजिनिअरिंग कॉलेजांत मुलांना सांगतात की ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर, काम करा, रेझ्युमेला चांगलं दिसतं. चांगलंच आहे. पण तिथे गेल्यावर कोणी आपलं काम नाकारलं तर काय बोलायचं, आणि दुसऱ्याचं काम आपल्याला पटलं नाही तर ते कसं सांगायचं, हे कोणी शिकवत नाही आणि मी ते तोंडावर आपटून शिकलोय म्हणून हे पत्र.

मी नोकरी सांभाळून रात्री एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचं मराठी करतो, म्हणजे बटणं, मेनू, एरर आली की दिसणारी वाक्यं वगैरे. पैसे नाहीत, साहेब नाही, हजेरी नाही. दोनेक वर्षांपूर्वी लातूरकडचा एक पोरगा आला, सेकंड इयरचा, त्याने आठवड्याभरात दोनशेच्या वर वाक्यं केली आणि ती करताना मी कधीकाळी मोठ्या प्रेमाने ठेवलेलं ‘जतन करा’ काढून सगळीकडे ‘सेव्ह करा’ टाकलं. माझं डोकं सटकलं. रात्री साडेबाराला मी त्याला लिहिलं की मराठीचा मुडदा पाडायचा असेल तर दुसरीकडे जाऊन पाडा, आधी शब्दकोश उघडायला शिका. तेही सगळ्यांना दिसेल असं. सकाळी त्याचं उत्तर आलं, ‘ओके सर’. बास. नंतर तो आलाच नाही.

ते ‘ओके सर’ मला फार दिवस टोचत होतं. आपल्याकडे घरी, शाळेत एकच घोकून घेतात, मोठ्यांना उलटं बोलायचं नाही. मग पटो न पटो मान डोलवायची, आणि एक दिवस असह्य झालं की थेट बापजाद्यांचा उद्धार, मधलं काही नाहीच. ‘सर हे मला पटत नाहीये, कारण असं असं’ हे त्याला लिहिता आलं नाही आणि ‘हे घेता येणार नाही, कारण असं असं’ हे मला. ऑफिसात ते खपून जातं कारण पगार असतो, माणूस बोलणी खातो आणि दुसऱ्या दिवशी परत टेबलावर येऊन बसतो. इथे त्याने लॅपटॉप मिटला की विषय संपला.

आमच्या गटात पुण्याच्या एक ताई आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचा फोन आला, "अहो तुमचा शब्द बरोबर असेलही, पण आता उरलेली वाक्यं कोण करणार, तुम्ही?" मी गप्प. त्याच म्हणाल्या की आपण आपसात भांडण्यापेक्षा लोकांना विचारू, आणि त्यांच्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरायला आलेल्या एका काकूंना त्यांनी दोन्ही बटणं दाखवली. ‘जतन करा’ बघून काकू म्हणाल्या, हे दाबलं तर माझं लिहिलेलं जाणार नाही ना? ‘सेव्ह’ म्हटल्यावर लगेच, हां, नंबर सेव्ह करतो तसं. झालं, मी हरलो. वाईट वाटलं, पण राग नाही आला, कारण का हरलो ते मला कळलं होतं. त्या पोराला मी एवढंही कळू दिलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही शब्दांच्या यादीत प्रत्येक शब्दाशेजारी कारण लिहितो, वाद आठवडाभर चालला तर तिघांनी मिळून ठरवायचं, आणि राग आला असेल तर उत्तर सकाळी. शेवटचा नियम माझ्यासाठीच केलाय असा मला संशय आहे.

हे काही आमच्यासारख्या किरकोळ गटाचंच आहे असं नाही. कॉलेजात जी पायथन नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात तिचा जनक खिदो व्हान रॉसम, २०१८ च्या जुलैमध्ये त्याने प्रमुखपद सोडलं, आणि निमित्त काय तर कोलन आणि बरोबरचं चिन्ह जोडून केलेली एक छोटीशी खूण भाषेत घ्यायची की नाही यावरचं भांडण. त्यात त्याचं म्हणणं मान्य झालं होतं बरं का, तरी गडी दमला, इतकं भांडून वर इतक्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा हे आता नको म्हणाला. पुढे कोण हे त्याने सांगितलं नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला, मग लोकांनी आधी कारभार कसा चालवायचा यावर मतदान केलं आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं मंडळ निवडलं, त्यात तोही निवडून आला, पाचातला एक म्हणून. त्याच २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने, ज्याच्या जहाल ईमेलना लोक टरकून असायचे, जाहीर माफी मागून काही आठवडे सुट्टी घेतली. म्हणजे ज्याच्या कामावर आपले अँड्रॉइड फोन चालतात त्यालाही हे जमत नव्हतं.

आणि अगदीच नाही पटलं तर काय? आपल्याकडे गणपती मंडळ फुटतं आणि एकाच गल्लीत दोन मांडव पडतात, तसं इथेही कोड घेऊन वेगळी चूल मांडायची मुभा असते. नोड डॉट जेएस या वेबसाइटवाल्यांच्या सॉफ्टवेअरमधून २०१४ च्या शेवटी आयओ डॉट जेएस असंच बाहेर पडलं होतं, पण २०१५ मध्ये दोघं परत एकत्र आले. मंडळांचं असं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

सगळा दोष जुन्या लोकांचा, असंही म्हणणं नाही माझं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावायच्या उपक्रमात मिळणाऱ्या फुकट टी-शर्टसाठी लोकांनी कुठेतरी एखादा शब्द इकडचा तिकडे करून ढिगाने बदल पाठवले, आपल्याकडची पोरंही त्यात भरपूर होती, आणि ते निस्तरताना मेंटेनर लोकांच्या, म्हणजे आलेले बदल तपासून घेणाऱ्यांच्या, नाकी नऊ आले, शेवटी महिना चालू असतानाच नियम बदलावे लागले. अशा वेळी कोणी चिडलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण लातूरच्या पोराने टी-शर्टसाठी काम केलं नव्हतं.

मी त्याला नंतर माफीचा मेल केला. आठ दिवसांनी उत्तर आलं, ‘सर परीक्षा चालू आहे’. परीक्षा संपूनही आता बरेच महिने झाले. त्याने सोडलेली साडेतीनशे वाक्यं अजून इंग्रजीतच आहेत, कोणा वाचकाला हात लावायचा असेल तर जरूर लावा. आणि प्रिंटसाठी ‘छापा’ ठेवायचं का यावर वाद चालू आहे, ताई म्हणतात बटण दाबल्यावर इन्कम टॅक्सवाले आल्यासारखं वाटतं.

आपला,
फावल्या वेळचा एक अनुवादक, नाशिक